विज्ञानकथा निफाडात लिहिता येईल का?



विज्ञानकथा लिहिणारा लेखक म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र उभे राहते? तुमच्यापैकी बहुतेक जण सांगतील की, तो एखाद्या मोठ्या शहरात राहत असेल, प्रयोगशाळेत काम करीत असेल आणि त्याच्या घरात इंग्रजी ग्रंथांची कपाटेच्या कपाटे असतील. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या तालुक्याच्या गावी राहणारा, सकाळी द्राक्षबागेत काम करणारा किंवा दिवसभर शाळेत शिकवणारा आणि रात्री कंदिलाच्या, आता विजेच्या, उजेडात विज्ञानकथा लिहिणारा माणूस काही आपल्या डोळ्यांसमोर येत नाही.

मला या लेखात असे सांगायचे आहे की, आपला हा समज चुकीचा आहे आणि त्यामुळे आपले नुकसानही होत आहे. विज्ञान दुसरीकडे कोठेतरी घडते, आपण फक्त त्याची फळे वापरायची, असे एकदा मनात बसले की आपल्या गावाचे उद्या काय होईल याचा विचारही आपण दुसऱ्यावर सोपवतो. आपल्या नदीचे, आपल्या कांद्याचे, आपल्या पाखरांचे पुढे काय होणार, हा प्रश्न प्रथम आपल्याला पडला पाहिजे. तो विचारण्याचे एक उत्तम साधन म्हणजे विज्ञानकथा.

पोट कशावर भरते?

प्रथम एक व्यावहारिक गोष्ट पाहू. केवळ विज्ञानकथा लिहून मराठीत घर चालवणे फार कठीण आहे. म्हणून आपल्या बहुतेक विज्ञानकथाकारांनी पोटासाठी दुसरा उद्योग केला. बाळ फोंडके हे भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ होते आणि पुढे विज्ञान मासिकाचे संपादक झाले. लक्ष्मण लोंढे बँकेत नोकरी करीत. सुबोध जावडेकर रासायनिक अभियंते, तर निरंजन घाटे भूशास्त्राचे अभ्यासक. 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी लिहिणारे अरुण साधू पत्रकार होते.

या यादीत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? शास्त्रज्ञ आहेत, पण सगळेच शास्त्रज्ञ नाहीत. बँकेत हिशेब पाहणारा माणूसही आइन्स्टाइनवर कथा लिहू शकतो. लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा गाजली आणि इंग्रजीतही गेली. या सर्वांना जोडणारा धागा पदवीचा किंवा पगाराचा नसून कुतूहलाचा आहे. नोकरीने त्यांना पोटापुरते दिले आणि कथा कोणाच्या मर्जीखातर लिहिण्याची वेळ येऊ दिली नाही. विज्ञानकथाकाराचे पहिले स्वातंत्र्य हे असे येते.

परदेशातही असेच दिसते. आर्थर क्लार्क हा इंग्लंडमध्ये सरकारी हिशेब तपासणीच्या कचेरीत कारकून होता. दुसऱ्या महायुद्धात तो वायुदलाच्या रडारवर काम करू लागला. १९४५ साली त्याने रेडिओविषयीच्या एका मासिकात लेख लिहून दाखवले की, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीबरोबरच २४ तासांत एक फेरी घेईल, म्हणजे आपल्याला आकाशात एका जागी स्थिर दिसेल, आणि असे तीन उपग्रह जवळजवळ साऱ्या जगाला संदेश पोहोचवतील. तेव्हा एकही कृत्रिम उपग्रह आकाशात नव्हता. अवघ्या ३० वर्षांनी, १९७५-७६ साली, अशाच एका उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला.

क्लार्क पुढे पूर्णवेळ लेखक बनला आणि १९५६ साली श्रीलंकेत जाऊन राहिला. कशासाठी? समुद्रात बुडी मारून पाण्याखालची सृष्टी पाहण्याच्या छंदासाठी! २००८ साली त्याचे निधन झाले तेही कोलंबोतच. लंडन-न्यूयॉर्कपासून दूर, एका बेटावर राहून त्याने साऱ्या जगासाठी लिहिले. मग निफाड कोणाच्या आड येते?

'स्वतंत्र' या शब्दाचे दोन अर्थ

आपल्याकडे 'स्वतंत्र कथा' म्हणजे अनुवाद किंवा रूपांतर नसलेली, लेखकाने स्वतः रचलेली कथा. मराठी विज्ञानकथेचा आरंभ अनुवादांपासून झाला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला 'केरळकोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची चंद्रलोकची सफर मराठी वाचकांपुढे आली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या इतक्या झकास मराठीत आणल्या की, मुलांच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर वाढल्या. अनुवादांचे हे ऋण मोठे आहे. परंतु दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी कितीही गोड असले, तरी कधीतरी आपल्या रानात विहीर खणावी लागते.

१९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ सालच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला की, हे जगताप म्हणजे दुसरे कोणी नसून विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर आहेत! आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे टोपणनाव तयार केले होते. परीक्षकांनी अक्षरावरून ओळखू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताई यांनी आपल्या हाताने लिहून काढली होती. या कथेचा जन्मही गमतीचा आहे. अहमदाबादच्या एका परिसंवादात एक व्याख्यान कंटाळवाणे वाटू लागले, तेव्हा नारळीकरांनी समोरच्या कागदावर ती लिहावयास घेतली होती.

आता विचार करा. त्या वेळी नारळीकरांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षे झाली होती. नुसते नाव टाकले असते, तरी कोणत्याही संपादकाने कथा आनंदाने छापली असती. त्यांनी ते केले नाही. आपल्या कीर्तीची कुबडी काढून घेऊन त्यांनी कथेला स्वतःच्या पायांवर उभे केले. माझ्या मते, स्वतंत्र विज्ञानकथाकाराचा याहून चांगला दाखला मराठीत सापडणार नाही. आणि यातून तुमच्यासाठी एक गोष्ट निघते. त्या स्पर्धेच्या टेबलावर नारळीकर आणि खेड्यातील एखादा अनोळखी जगताप हे अगदी बरोबरीचे होते. परीक्षकांपुढे होती ती फक्त कथा.

नारळीकर विज्ञानातही प्रवाहाबरोबर गेले नाहीत. विश्वाची सुरुवात एका महास्फोटाने झाली, हे बहुतेक खगोलशास्त्रज्ञांचे मत त्यांना पुरेसे पटले नव्हते. आपले गुरू फ्रेड हॉइल यांच्यासह ते पर्यायी सिद्धांत मांडत राहिले. बहुमत शेवटपर्यंत त्यांच्या बाजूला झाले नाही. तरीही त्यांनी आपले मत मांडले ते गणिताच्या आधारे. अशी स्वतंत्र बुद्धी लहानपणीच घडते. बनारसच्या त्यांच्या घरात भिंतीवर फळा होता. त्यांचे मामा त्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. मामांनी उत्तर सांगून टाकले असते, तर काय झाले असते?

२०२१ साली नाशिकला ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. जागा होती नाशिकहून ओझरकडे, म्हणजे निफाड तालुक्याकडे, येणाऱ्या रस्त्यावरील आडगाव. त्याचे अध्यक्ष होते डॉ. नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही. पण विज्ञानकथा लिहिणाऱ्याला मराठी साहित्याने हा मान दिला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

एक 'जर' आणि पुष्कळ 'तर'

विज्ञानकथाकार स्वतंत्र असतो म्हणजे त्याला वाटेल ते लिहिण्याची मुभा असते काय? मुळीच नाही. त्याला एक 'जर' निवडण्याचे स्वातंत्र्य असते. 'जर असे झाले तर?' असा प्रश्न तो विचारतो. हा 'जर' त्याने हवा तेवढा विलक्षण घ्यावा. पण एकदा 'जर' घेतला की पुढचे 'तर' त्याच्या हातात राहत नाहीत. ते निसर्गाच्या नियमांनी ठरतात. परीकथा आणि विज्ञानकथा यांत फरक आहे तो एवढाच.

याचे एक उदाहरण आपण गणिताने पाहू. व्हर्नने आपल्या प्रवाशांना एका प्रचंड तोफेतून चंद्राकडे उडवले. तोफेच्या नळीची लांबी धरा २७५ मीटर. पृथ्वीच्या पकडीतून सुटायचे तर गोळ्याला नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ११,००० मीटर वेग हवा. तुम्ही शाळेत शिकलेले समीकरण वापरा: अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे त्वरण आणि अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. ११,००० चा वर्ग १२,१०,००,०००. त्याला ५५० ने भागा. त्वरण येते २,२०,००० मीटर दर सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२,००० पट! ४० किलोग्रॅम वजनाच्या मुलावर, नळीतून बाहेर पडेपर्यंत, ८८० टन ओझ्याइतका दाब येईल. चंद्र दूरच राहिला, प्रवासी नळीतच चिरडून जातील.

मग व्हर्नची कादंबरी फेकून द्यावी काय? नाही. तिने माणसाला चंद्रावर जाण्याचे वेड लावले. तिच्यातील चूक शोधता शोधताच लक्षात येते की, एका धक्क्याऐवजी हळूहळू वेग वाढवणारे काहीतरी हवे, म्हणजेच अग्निबाण हवा. विज्ञानकथेत चुकीचे विज्ञान असते, म्हणून मुलांनी ती वाचू नये, असे म्हणणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे. ती वाचावी, आणि हातात पेन्सिल घेऊन वाचावी.

निफाडचे 'जर'

आता निफाडकडे वळू. हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव. येथल्या मातीत विज्ञानकथेची बीजे किती आहेत, ते पाहा.

निफाडला गहू संशोधनाचे केंद्र आहे. हिवाळ्यात वृत्तपत्रांत त्याचे नाव हमखास येते, कारण तेथील तापमापकातील पारा कधी कधी पाच अंश सेल्सियसच्याही खाली गेलेला असतो. अशा रात्री द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, वेलींना पाणी सोडतात. एक किलोग्रॅम पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोजूल उष्णता बाहेर टाकते. थंडीशी लढताना पाणी उपयोगी पडते, त्यामागचे हे एक कारण. जर अशा रात्री दर हिवाळ्यात चार-पाच न येता सलग साठ आल्या, तर? द्राक्षांचे काय होईल आणि गव्हाचे काय?

लासलगाव तर कांद्याच्या बाजारपेठेसाठी देशभर ठाऊक आहे. पण तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' नावाचे विकिरण केंद्र आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तेथे कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण वापरले जातात. २००७ साली अमेरिकेला आंबे निघाले, ते याच केंद्रातून किरणांखालून गेले होते. या किरणांची लहानशी मात्रा दिली की कांद्याच्या आतील कोंब वाढत नाही. कांदा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, तो खाण्यास निर्धोक असतो.

आता 'जर' घ्या. समजा, उद्यापासून हा उपचार इतका स्वस्त झाला की, प्रत्येक चाळीतला प्रत्येक कांदा किरणांखालून जाऊ लागला. तर? पहिला 'तर' आनंदाचा. साठवलेल्या कांद्याला कोंब फुटणार नाहीत. दुसरा 'तर' सावध करणारा. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही, म्हणून चाळीत हवा खेळती ठेवावीच लागेल. तिसरा 'तर' मात्र दचकवणारा आहे. कांद्याचे बी कोठून येते? निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावून त्यांना डोंगळे येऊ द्यायचे, त्या डोंगळ्यांतून बी मिळते आणि त्याचीच पुढे रोपे होतात. ज्या कांद्याचा कोंब किरणांनी मारला, त्याला डोंगळा कसा येणार? एका वर्षी कोणाच्या तरी नजरचुकीने बियाण्याचे कांदेही किरणांखालून गेले तर पुढच्या हंगामात रोपे कशाची टाकायची? एखाद्या आजीने जुन्या सवयीने एक टोपली कांदे घरातच ठेवून दिले असतील, तर सारा तालुका तिच्या दारात उभा राहील!

झाली की नाही कथा तयार? पण थांबा, वर्गातील एखादी चौकस मुलगी विचारील, "बी बाहेरच्या जिल्ह्यांतूनही येते, मग तालुका अडेल कशाला?" प्रश्न रास्त आहे. लेखकाला आता त्याचे उत्तर शोधावे लागेल, आणि ते शोधताना तो बियाण्यांचा व्यापार, साठवण आणि वनस्पतिशास्त्र या तिन्हींचा अभ्यास करील. विज्ञानकथाकाराचे आयुष्य असेच चालते. दोन पाने लिहायची आणि त्यासाठी वीस पाने वाचायची.

आणखी एक 'जर' नांदूर मध्यमेश्वरचा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. त्याच्या फुगवट्यात गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरू लागले. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांना पाहण्यासाठी हल्ली लांबून लोक येतात. २०२० साली रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा. स्थलांतर करणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांना दिशा ओळखण्यासाठी सूर्य आणि तारे यांबरोबर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाही उपयोग होतो. आणि हे क्षेत्र कायमचे नाही! उत्तर-दक्षिण ध्रुवांची शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वी झाली. त्याहून कितीतरी जुन्या, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या अदलाबदलीची नोंद दख्खनच्या काळ्या पाषाणात आहे. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय दिशा त्यात पक्क्या झाल्या. म्हणजे तुमच्या विहिरीच्या कडेचा काळा दगड हा एक जुना साक्षीदार आहे. जर ते क्षेत्र पुन्हा डळमळू लागले, तर नोव्हेंबरात चापडगावच्या मनोऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आकाशात काय दिसेल?

आणि ओझर? तेथे १९६४ साली लढाऊ विमानांचा कारखाना आला आणि मिग-२१ विमाने तयार होऊ लागली. तुमच्या आजोबांना ती भविष्यातून आलेली वाटली असतील. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ती वायुदलातून निवृत्तही झाली. एकाच गावाने एका यंत्राचे उद्या आणि काल दोन्ही पाहिले. काळ कसा सरकतो, हे यापेक्षा चांगले कोणते पुस्तक शिकवील?

शिक्षकांना एक विनंती

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात गोष्टीचे पुस्तक सापडले की ते काढून घेण्याची आपली जुनी रीत आहे. अभ्यासक्रम संपवायचा असतो, परीक्षा जवळ असते, हे मला मान्य आहे. तरीही माझे मत असे की, महिन्यातून एक तास या कामाला द्यावा. मुलांना सांगावे: आपल्या गावातील एक 'जर' घ्या, त्यातून निघणारे पाच 'तर' लिहा आणि त्यांपैकी निदान एकाचे गणित करून दाखवा. मग वर्गाने प्रत्येक 'तर'ला एकच प्रश्न विचारावा, "कशावरून?" या एका तासात भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, भूगोल आणि मराठी या चारही विषयांची उजळणी होते. शुद्धलेखनाच्या चुका नंतर सुधारता येतील. कल्पनेचा कोंब मात्र एकदा मारला की त्याला डोंगळा येत नाही.

यातून दर वर्षी एखादा नारळीकर निघेल, असे मी म्हणत नाही. पुष्कळ मुले पुढे शेती करतील, नोकरी करतील, दुकान चालवतील. पण गावात एखादी नवी योजना आली, नवे बियाणे आले, नवे यंत्र आले, की ही मुले हात जोडून उभी राहणार नाहीत किंवा आंधळेपणाने विरोधही करणार नाहीत. ती विचारतील, "हे आले, तर पुढे काय काय होईल?" ज्या गावात असा प्रश्न विचारणारी पन्नास माणसे आहेत, ते गाव सहजासहजी फसत नाही.

आणि तुम्ही, मित्रहो? नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा ते सांगत की, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, मी सहीनिशी उत्तर पाठवीन. सहीसाठी प्रश्न पडावा लागे! तेव्हा आज एक वही घ्या. शेतात, नदीवर, बाजार समितीत, एसटीच्या थांब्यावर जे जे नवल वाटेल, त्यापुढे तारीख घालून एक 'जर' लिहा. महिन्याने वही उघडा आणि त्यांतला एक निवडा. मग त्याचे 'तर' शोधायला लागा. अडलात तर आपल्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना विचारा. गहू संशोधन केंद्र आणि पाणपक्ष्यांचा बंधारा दोन्ही तुमच्याच तालुक्यात आहेत, तेथे जाऊन पाहा.